रोपात पाय नाय टाकाचा

परवा सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी एका पावडरीची जाहिरात टाकली. 'प्रतिकारशक्ती दुप्पट करा.' खाली धडाधड अंगठे आणि नमस्कार. मी चहा घेत बसले होते, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दुप्पट करून मरायचंय का?" मुलगा म्हणाला, "आई, कोणाशी बोलतेस?" आता कोणाशी बोलणार! वाक्य म्हात्रे मॅडमचं होतं, तोंड फक्त माझं. काही माणसं आपल्यात कुठे कुठे राहून जातात, आणि भलत्या वेळी बोलतात.

भारती म्हात्रे आमच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवायच्या. बोनकोडे गावच्या. म्हणजे नवी मुंबई होऊन कोपरखैरण्याला सेक्टर पडायच्या आधीपासूनच्या. मी अर्थशास्त्राची, मूळची कराडची, लग्न होऊन वाशीच्या फ्लॅटात आलेली. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, एवढाच काय तो आमचा संबंध. पण शेजारी बसून डबा खाणं ही गोष्ट कमी समजू नका. नवऱ्याबरोबर काय जेवले नसेन एवढी दुपारची जेवणं मी त्या बाईबरोबर जेवले.

ठेंगणी, सावळी, भरल्या अंगाची बाई. अंबाड्यावर अबोलीचा वळेसर असायचा, आणि त्याच्या खाली तो कुठे कुठे रंगाचे डाग पडलेला पांढरा कोट. हात धुवायच्या ते कोपरापर्यंत, आणि असं निवांत की मागे रांग लागलेली असली तरी त्यांना पर्वा नसे. कोणी घाई केली तर म्हणायच्या, "धू बाई तू आधी. पन मंग माज्या डब्याला हात लावू नको." त्यांच्या डब्याला हात न लावणं मात्र अवघड होतं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. पहिल्या वर्षी मी पदर नाकाला लावला होता. दुसऱ्या वर्षी मी विचारायला लागले, "आज जवळा नाही का?" त्या खदाखदा हसल्या. "घाटावरच्या बायांना बाटवायला येवढाच वेल लागतो गो!"

त्यांचं नाक हा एक स्वतंत्र विषय होता. प्रयोगशाळेत शिरल्या की दारातच थांबून हवा हुंगायच्या आणि सांगायच्या, "कोणाची तरी प्लेट बिघडली आहे. तिसऱ्या टेबलावर बघा." आणि ती असायचीच. मुलं म्हणत, मॅडमना मशीनची गरज नाही. मॅडम म्हणत, "नाक हे देवानं दिलेलं उपकरण आहे, फुकट आहे, आणि त्याला लाइट जात नाही."

त्या दोन भाषांत जगायच्या. वर्गात अगदी स्वच्छ, छापील मराठी. एक 'ण' इकडचा तिकडे होणार नाही. पण दुपारी एकदा भावाचा फोन यायचा. मग त्या उभ्याच राहायच्या, आवाज चढायचा आणि सगळी स्टाफरूम खाडीवर जाऊन पोचायची. "दादा, जेवलास का? गोली घेतलीस का? मना फसवू नको, वयनीला इचारीन मी!" फोन ठेवला की पदर सारखा करून पुन्हा छापील मराठीत मला, "हं, शिंदे, तुम्ही काय म्हणत होतात?" त्या मला 'तू'ही म्हणत आणि 'तुम्ही'ही म्हणत. कोणत्या बाई त्या वेळी बोलताहेत त्यावर ते ठरायचं.

लॉकडाउन उठून कॉलेज सुरू झालं तेव्हाची गोष्ट. आमच्या प्राचार्यांनी मोठ्या हौसेने स्टाफरूममध्ये काढ्याचा थर्मास ठेवला आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'इम्युनिटी वाढवा.' सगळ्यांनी निमूट तोंडं वाकडी करत काढा प्यायला. मॅडम थर्मासपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, काढा चांगला आहे, घसा शेकतो. पण ही चिठ्ठी काढा. दुप्पट प्रतिकारशक्ती झाली तर माणूस तिनंच मरेल." प्राचार्य म्हणाले, "म्हणजे? सैन्य जास्त असलं तर वाईट काय?" तर म्हणाल्या, "सैन्य कुठं लढतंय त्यावर आहे सर. मैदानात लढलं तर ठीक. तुमच्या स्वयंपाकघरात लढायला लागलं तर?" प्राचार्यांनी चिठ्ठी काढली. काढा मात्र चालू राहिला, आणि मॅडम रोज दोन कप प्यायच्या.

तर हे स्वयंपाकघरातलं युद्ध, हाच त्यांचा जीव की प्राण विषय. मेंदूत विषाणू शिरला तर शरीर काय करतं. पीएचडी त्यांनी त्यातच केली होती. दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना त्या एक तास वर्गाबाहेर शिकवायच्या, खाडीच्या कडेला, बोनकोड्याच्या मागे जुन्या बांधाचा एक तुकडा तिवरांमध्ये अजून शिल्लक आहे तिथे. एका वर्षी मुलांबरोबर दुसरी शिक्षिका हवी म्हणून मला ओढून नेलं. "चल गो, तुलाही जरा अक्कल येईल. तुमच्या अर्थशास्त्रात काय, नुसतं मागणी आणि पुरवठा."

तिथे त्यांचा भाऊ आधीच येऊन उभा होता. जगन्नाथ म्हात्रे, सगळं गाव त्यांना जगूदादा म्हणायचं. सडसडीत, उंच, पांढरा शर्ट, गळ्यात जाडजूड चेन. दोन बिल्डिंगांचा मालक. पण बांधावर आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मॅडम मुलांना म्हणाल्या, "आज मी नाही शिकवणार. दादा सांगतील."

जगूदादांनी तिवरांकडे हात केला. "यो सगला आमचा शेत व्हता. तिकरं खारी, हिकरं भात. मधी यो बांध. बांधाला उघारी, म्हंजे पान्याचा दरवाजा. पावसाचा पानी भायेर जावाचा, खारा पानी आत येवाचा नाय. पन उधानाला कवा कवा बांध फुटाचा. त्याला आमी खांड बोलतो. खांड परली का हाली देवाची, आनि घरटी एक मानूस धावाचा. रात नाय, दिस नाय."

"मग काय करायचं काका?" एका मुलीनं विचारलं.

"चिखोल लावाचा, दुसरा काय? पन कसा लावाचा?" म्हातारा एकदम कडक झाला. "बांधावरशी लाइन लावाची. ह्या हातातशी त्या हातात. रोपात पाय नाय टाकाचा! खारा पानी आत शिरतंय, जीव वरखाली होतंय, तरी रोपात पाय नाय टाकाचा. धावत धावत शेतात घुसलं तं खांड बांधून होल, पन पीक कुठला? येकदा माज्या बापानी मना भर पावसात काठीनी मारला व्हता. मी घाईघाईत रोप तुरवला म्हनून."

"आनि खांड बांधल्यावर?" मॅडमनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. पण भावाकडून ऐकायचं होतं, आणि आपण त्यांच्या बोलीत घसरलोय याचंही भान नव्हतं.

"मंग दोगंतिगं तिथंच खोप बांधून ऱ्हायाची, कापनी होईपरत. फुटलेला बांध परत तिथंच फुटतंय ना."

मॅडम मुलांकडे वळल्या आणि पुन्हा छापील झाल्या. मला तो तास जसाच्या तसा आठवतो, आणि मी काही विज्ञानाची नाही.

"रक्तातून काय वाटेल ते वाहत असतं. ते सगळं मेंदूत शिरू नये म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असाच एक बांध आहे. आत मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी राहतात, जन्मभर तिथेच. त्या सारख्या आजूबाजूला चाचपत असतात. विषाणू दिसला की हाळी देतात. मग बाहेरून, रक्तातून, टी पेशी येतात. आता शरीरात इतर ठिकाणी टी पेशींचा कायदा सोपा आहे. ज्या पेशीत विषाणू लपला, ती पेशीच मारून टाकायची. कातडीची पेशी मेली, दुसरी येते. यकृताची मेली, दुसरी येते. पण मेंदूतली चेतापेशी मेली तर?"

"येत नाही," मुलं म्हणाली.

"येत नाही. तिथे दुबार पेरणी नाही. म्हणून तिथे यांना रीत बदलावी लागते. त्या आजारी चेतापेशीजवळ जाऊन थांबतात आणि इंटरफेरॉन नावाचं एक रसायन सोडतात. तो निरोप पोचला की चेतापेशी स्वतःच आतल्या विषाणूची वाढ बंद पाडते. पेशी जिवंत, विषाणू गप्प. आणि सगळं निवल्यावर काही टी पेशी परत जातच नाहीत. तिथेच राखणीला राहतात, वर्षानुवर्षं. दादा काय म्हणाले?"

"रोपात पाय नाय टाकाचा!" सगळी पोरं ओरडली. जगूदादा लाजले. म्हणाले, "आयला, माज्या बापाचा शब्द मेंदूत पोचला!" आणि मग सगळ्यांना घरी नेऊन वहिनींच्या हातचे घावन खायला घातले.

त्यानंतर वर्षभराने जगूदादांच्या मुलाचं, रोशनचं लग्न ठरलं. हळदीला मला आग्रहाचं बोलावणं होतं. आता आगऱ्यांची हळद ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगणार! लग्न एक वेळ साधं होईल, हळद नाही होणार. गल्लीभर मांडव, पातेल्यांची रांग, डीजेची गाडी, आणि मांडवात एका कोपऱ्यात धवले, म्हणजे लग्नातली जुनी गाणी, गाणारी त्यांची म्हातारी आत्या. डीजे थांबला की तिचा आवाज ऐकू यायचा. मी दुपार टळल्यावर पोचले तेव्हा मॅडम नारिंगी साडीत, नाकात नथ, मुंडावळ्या मोजत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? बस. आज माझं नाक बंद. एवढ्या अत्तरात काय कळणार आहे!"

जगूदादा मांडवात येरझाऱ्या घालत होते. थोड्या वेळानं ते आचाऱ्याकडे गेले आणि ओरडायला लागले, "करपवलात! सगला करपवलात!" आचारी बिचारा पातेलं उघडून दाखवत होता. मटण छान शिजत होतं. दादांना पटेना. पुन्हा आले, पुन्हा, "करपल्याचा वास येतंय, कुनालाच कसा नाय येत?" लोक हसायला लागले. "वरबाप हाय, झाली आसंल सकालपासून जरा जास्त." हळदीच्या दिवशी वरबापाने घेणं हे काही कोणाला नवल नव्हतं. उलट नसती घेतली तर लोकांनी चौकशी केली असती.

दादा मग वहिनींपुढे उभे राहिले आणि पाण्याचा तांब्या मागायला गेले. शब्दच सापडेना. "ती... ती दे ना, ती... उघारी." वहिनी पण हसल्या.

मॅडम नाही हसल्या. मी बघितलं ना, त्यांच्या हातातून मुंडावळ्या खाली पडल्या. उठल्या, भावाजवळ गेल्या, तोंड हुंगलं. दारूचा वास नव्हता. कपाळाला हात लावला आणि तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग हळू विचारलं, "दादा, मी कोन?"

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. बघतच राहिले. "तू... मांडवातली," ते म्हणाले.

आत्या लगेच उठली. "वारं हाय ह्या. गावदेवीचा नारल ऱ्हायला ना रे पोरांनो? फोरा आदी!" दोघेजण नारळ आणायला धावले. कोणी म्हणालं, लिंबू पाजा. कोणी म्हणालं, आत झोपवा, उठतील उद्या टवटवीत. रोशन हळदीच्या पाटावर अर्धा पिवळा बसलेला. वहिनी मॅडमचा हात धरून विनवायला लागल्या, "भारती, आज नको गो. हल्दीच्या मांडवातशी वरबापाला दवाखान्यान नेतात का? अपशकुन व्हयल. उद्या सकाली ने."

इतकी वर्षं मी त्या बाईला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तो फोन सोडला तर. त्या वहिनींना म्हणाल्या, "हलद उद्या लागंल वयनी. यो डोका उद्या नाय मिलाचा!"

बाहेर गाडी निघेना. गल्ली मांडवानं आणि डीजेच्या टेम्पोनं बुजून गेली होती. मॅडम तशाच नथ घालून टेम्पोवर चढल्या आणि म्हणाल्या, "बंद कर." पोरगा म्हणाला, "मॅडम, आताच तर—" "बंद कर म्हनते ना!" गाणं थांबलं. सगळं बोनकोडे एकदम गप्प झालं. आत्या रडायला लागली तेवढंच ऐकू येत होतं. मग मॅडमनी भावाचा दंड धरला, दुसरीकडून मी धरला, आणि आम्ही पातेल्यांच्या रांगेतून त्यांना मेन रोडपर्यंत चालवत नेलं. दादा वाटेत सारखे म्हणत होते, "करपलं, बघ, करपलं." रिक्षात बसल्या बसल्या त्यांना आकडी आली.

वाशीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. मॅडमनी तिला धापा टाकत तीनच गोष्टी सांगितल्या. ताप आहे, शब्द हरवले आहेत, नसलेला वास येतो आहे. ती मुलगी हुशार. रिपोर्टची वाट न पाहता सलाइनमधून विषाणूवरचं औषध सुरू केलं. नंतर पाठीतलं पाणी काढलं, मेंदूचे फोटो काढले, आणि निदान तेच निघालं. ओठावर तापाचे फोड आणतो ना, तोच साधा, घरोघरचा विषाणू. लाखांतल्या एखाद्याच्या मेंदूत तो चढतो. का चढतो, ते नीट कोणालाच माहीत नाही. आणि शिरला की तो बरोबर तिथे बसतो जिथे वास, शब्द आणि आठवणी असतात.

मी रोज कॉलेज सुटल्यावर जायची. मॅडम बाकड्यावर बसलेल्या असायच्या, अंगावर कालचीच साडी. वळेसर नाही. पहिल्या दिवशी त्या मला शिकवायला लागल्या, सवयच ती. "आता मायक्रोग्लियांनी हाळी दिली असेल. आता टी पेशी निघाल्या असतील." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता आत शिरल्या असतील." आणि मग एकदम हात जोडले. त्या, ज्या देवळात गेल्या तरी चपला कुठे ठेवल्या याचाच विचार करायच्या, त्यांनी भिंतीकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "हलू रं पोरांनो, हलू."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच शिकवता ना, ते मेंदूत जपून लढतात म्हणून?"

"शिकवते गो. पण वर्गात मी सोपं करून सांगते." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "विषाणू स्वतःच किती पेशी मारतो. आणि सैन्य जास्त आलं तर सूज येते. कवटी काय ताणत नाही. कधी कधी ह्यांच्याच पायाखाली रोप जातं. नेहमी वाचतं असं नाही. मी मुलांना ते कधी सांगितलं नाही, कारण मला तो दादाचा बांध फार आवडतो."

मग त्यांनी मला सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. वडील अचानक गेले तेव्हा दादा नववीत होते, आणि वर्गात पहिले यायचे. शेतावर कोणीतरी एक जण जायला हवा होता. आई म्हणाली, पोरीला काय करायचंय शाळा, तिला शेतावर पाठवू. दादांनी दप्तर उचललं आणि बहिणीच्या खांद्याला अडकवलं. "तवापासून मी जे जे शिकले ना, शिंदे, ते त्याच्या वाटणीचं आहे. तो जगेल, औषध वेळेत गेलंय. पण मला नुसता जिवंत नको आहे. मला तोच हवा आहे. माझं सगळं ज्याला माहीत आहे असा जगात तो एकटा आहे." आणि त्या रडल्या. मीही रडले. नाही कशाला म्हणू!

दादा जगले. ताप उतरला, बोलायला लागले, जेवायला लागले. रोशनचं लग्न पुढे साध्या पद्धतीनं झालं, आणि अपशकुनाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. वहिनींना ते ओळखत. रोशनला कधी ओळखत, कधी त्याला स्वतःचा धाकटा चुलता समजत. सकाळी काय जेवले ते दुपारी आठवत नसे. सगळं जुनं मात्र जागच्या जागी. कोणत्या शेताला काय नाव, कोणत्या उधाणाला कुठे खांड पडली होती, धडाधड सांगायचे. फक्त गाव शहर झाल्यानंतरचं सगळं पुसलं गेलं होतं, आणि त्या पुसण्यात मॅडमपण गेल्या.

म्हणजे भारती त्यांना आठवत होती. पण त्यांची भारती दोन वेण्यांची होती, शाळेत जाणारी. केस पिकलेली, चष्मा लावलेली ही बाई कोण? मॅडमनी पहिल्या दिवशी सांगून बघितलं, "दादा, मीच भारती." ते चिडले, घाबरले, थरथरायला लागले. "भारती ल्हान हाय! तिला काय झाला? कुठं नेलीत तिला?" शांत करता करता पुरेवाट झाली. त्यानंतर मॅडमनी पुन्हा कधी सांगितलं नाही. रोशन एकदा हट्टानं म्हणाला, "पप्पा, ही आत्या आहे, नीट बघा." मॅडमनी त्याला मागे ओढलं. "राहू दे. जेवढं उरलंय तेवढं उभं राहू दे." मग दादांनी आपलं आपणच ठरवून टाकलं की रोज पांढरा कोट हातावर टाकून येणारी ही बाई भारतीच्या शाळेतली आहे. ते त्यांना 'बाई' म्हणू लागले. अहो-जाहो करू लागले. आल्या की उठून उभे राहायचे. ज्या भावानं खांद्यावर बसवून शाळेत सोडलं, तो आपल्यासाठी उठून उभा राहतो, हे सोसणं काय असेल! मॅडम त्या वर्षी बऱ्याच बारीक झाल्या. स्टाफरूममधला तो दुपारचा फोन बंद झाला. डबा तोच, जवळा तोच, पण त्या वेळेला उगीच उभ्या राहायच्या आणि पुन्हा बसायच्या.

एकदा मी न राहवून विचारलं, "मग आता त्यांच्या डोक्यात ते राखणदार बसलेत का?" त्या म्हणाल्या, "बसलेत. नक्की बसलेत. बांध आता चांगला आहे गो. पण राखण करायला जे होतं त्यातलं किती उरलं, ते त्यांना कोण सांगणार?" आणि हात धुवायला गेल्या.

त्यांच्या निवृत्तीचा समारंभ झाला तेव्हा हॉल भरून गेला होता. जुने विद्यार्थी कुठून कुठून आलेले. मॅडमनी हट्टानं दादांना आणून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. त्यांना वाटत होतं, शाळेचा कार्यक्रम आहे. भाषणामागून भाषणं झाली. कोणी आता डॉक्टर झालेलं, कोणी परदेशात लस बनवणारं. सगळे म्हात्रे मॅडम, म्हात्रे मॅडम करत होते. दादा माझ्या कानाशी लागले, "ह्या बाई म्हात्रे हायेत? आमच्यातल्याच म्हना की! कोनच्या घरच्या?" मी म्हटलं, "चांगल्या घरच्या आहेत, दादा."

मग मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी माइक हातात घेतला, आणि एवढ्यात दादा उठले. त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. प्राचार्य गोंधळले. मी त्यांच्या शर्टाला धरलं, पण ते कुठे ऐकताहेत!

"बाई," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "येक इचारतो, माफ करा. माजी भैन तुमच्याकरं हाय. भारती. मी काय शिकलेलो नाय, मना समजत नाय यातला. पन ती पास व्हयल ना?"

मॅडमच्या हातातला माइक खाली गेला. त्या स्टेजच्या पायऱ्या उतरून आल्या, दादांच्या पुढे उभ्या राहिल्या. आणि त्या कॉलेजात इतकी वर्षं ज्यांनी चारचौघांत एक 'ण' चुकवला नव्हता, त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "झाली, दादा. पास झाली ती. पयली आली."

दादांनी मोठा श्वास सोडला. सगळ्यांकडे बघून हसले. "मी बोललो व्हतो! डोका हाय तिला!" मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते मॅडमच्या जरा जवळ गेले, आवाज लहान केला. "मंग बाई, आता तिला घरा सोरा ना. सकालपासून आलीय. भुकी आसंल."

"सोडते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी स्टेजवरची पर्स सुद्धा घेतली नाही, ती नंतर मीच रोशनकडे दिली. भाषण राहिलंच. त्या भावाचा हात धरून हॉलच्या मधल्या वाटेनं निघाल्या, दोन्हीकडे माणसं उभी राहत गेली, आणि दादा चालता चालता मागे वळून बघत होते, बहीण येते आहे की नाही ते.